पायरीवर घासलेला वस्तरा

"धार नको," सर्जेराव हवालदार म्हणाला. "पट्टा ठेव खाली."

दत्तोबा न्हाव्याने तरी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा फिरवलाच. तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा हवालदाराने पट्टा हिसकावला आणि ओट्यावरून खाली मोरीत टाकला.

देवळातली चांदीची समई गेली, म्हणून दत्तोबाचा धाकटा भाऊ भैरू तीन दिवस चावडीवर अडकून होता. साक्ष एकट्या सर्जेरावाची. चोराला पेशवाईत ठरलेली शिक्षा: डोक्यावर वस्तऱ्याने पाच पाट काढायचे आणि कसब्यातून गाढवावर धिंड. पाट दत्तोबानेच काढावेत, ही सूचना सर्जेरावाची. ती सुचल्यापासून त्याला जेवण गोड लागत होतं.

"पायरीवर घास. पार बोथट कर."

दत्तोबाने पाण्याचा थेंब टाकला आणि पातं दगडी पायरीवर घासायला घेतलं. जपून, सावकाश, जणू धारच लावतोय.

"दिवस घालवणार आहेस काय?"

"बोथट करायची सवय नाही, हवालदार. तीस वर्षांत पहिलीच वेळ."

"भावासाठी शीक."

"केस दाट आहेत. ओढले जातील."

"जाऊ देत. ओरडला पाहिजे. शनिवारवाड्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"आपली मर्जी. ऊन चढलंय, पागोटं काढून बसा. भैरूला घेऊन जमादार येतीलच इतक्यात."

सर्जेरावाने पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि डोकं खाजवलं. बरं वाटलं. न्हाव्याने वस्तरा त्याच्यापुढे धरला.

"बघून घ्या. मागाहून तक्रार नको."

सर्जेरावाने पात्यावरून बोट फिरवलं. लोणीसुद्धा कापलं नसतं.

"झकास," तो म्हणाला.

बोळाच्या तोंडाशी गाढव दिसलं. त्याच्यामागे जमादार, चार प्यादे आणि भैरू. भैरूच्या हातांत बेडी नव्हती, समई होती.

"कुठे सापडली?" सर्जेराव उठता उठता म्हणाला. दोन प्याद्यांनी त्याला खांदे धरून परत बसवलं.

"तुमच्या कडब्याच्या गंजीत. पहाटेच," जमादार म्हणाला. मग न्हाव्याकडे वळून, "शाबास दत्तोबा. बरा बसवून ठेवलास."

दत्तोबाने पागोटं उचलून बाजूला ठेवलं.

"मान खाली घ्या, हवालदार," तो म्हणाला. "वस्तरा आपण बघितलाच आहे."