कालवडीचं कातडं

धाकट्या बचनोने वाटणीत गायीच्या जुळ्यातली कालवड पटकावली, म्हणजे पुढचं दूध तिचं. दुधासाठी चरवीही नवी आणली. थोरली जाऊ महिंदर मात्र वाटणीला गोऱ्हा येऊनही हसायची. तेच बचनोला खुपायचं. मग गुऱ्हाळात उकळत्या रसाने गोऱ्ह्याची पाठ भाजली. कातडीच्या कलमांवर संशोधन करणारे लुधियान्याचे डॉक्टर म्हणाले, "त्याच्या जुळ्या बहिणीचं कातडं लावून बघू." "घ्या की जाऊबाई, वाटणीत कातडं राहूनच गेलं होतं!" बचनो म्हणाली. परकं कातडं दहा दिवसांत सडतं, हे तिने विचारून घेतलं होतं. कलम मात्र जगलं. डॉक्टर हरखले: "गर्भातच दोघांचं रक्त मिसळलेलं! म्हणूनच जगलं." "माझ्याच कालवडीमुळे ना!" बचनो फुशारली. "हो बाई, पण गोऱ्ह्याशी रक्त मिसळलेली अशी जुळी कालवड कधीच गाभण राहत नाही." गोऱ्ह्याला कातडं मिळालं, डॉक्टरांना यश; बचनोची चरवी कोरडीच. महिंदर हसली नाही, तेच जास्त खुपलं.