वळणावरचे फोटोवाले

भातकापणीनंतरच्या रिकाम्या खाचरात मोटरसायकलींची शर्यत लागली, की सगळे फोटोवाले एकाच वळणावर गर्दी करत. तिथे हमखास कुणीतरी पडे. त्यांचा म्होरक्या कुंचोरो. त्याच्या शेजारी वेनिंग आपला नवशिक्याचा, स्वस्तातला कॅमेरा घेऊन उभी होती. शर्यतीतल्या गिलांग नावाच्या पोराची गाडी दिसताच तिने बटण दाबून धरलं, आणि नेमका तो आपटला तेव्हा कॅमेरा आधीचे फोटो साठवत अडकून बसला.

"वा, बाई," कुंचोरो म्हणाला, "पोरगा पडला आणि तुमचा कॅमेरा झोपला. तुम्ही आपले लग्नाचे फोटो काढा. नवरानवरी कुठे पळत नाहीत."

सगळे खो-खो हसले आणि माना खाली घालून तो पडल्याचे फोटो मोबाईलवरून गावोगाव धाडत बसले.

शर्यत संपल्यावर गिलांग लंगडत कुंचोरोकडे आला. "काका, मला पडलेलं सगळ्या गावाने पाहिलं. आई रडतेय. मी उठून शर्यत पुरी केली, हे तिला कुणी सांगून पटेना. उठल्याचा एखादा फोटो द्या ना."

कुंचोरोने आपले फोटो पुन्हापुन्हा चाळले. बाकीच्यांनीही चाळले. वेनिंगने आपला कॅमेरा पुढे केला. अडकलेला कॅमेरा मोकळा होताच तिने काढलेल्या फोटोत गिलांग गाडी उचलत होता.

बाकी सगळ्या महागड्या कॅमेऱ्यांत तो अजून पडलेलाच होता.