औंदाची आखाजी

ज्योती बाहेरच्या खोलीत बसली होती आणि समोरच्या पाण्याला हात लावत नव्हती. धुळ्याहून उन्हातान्हाची ती एकच गोष्ट विचारायला आली होती, आणि नवलला ती नाकारता आली नाही. ऑफिसातल्या साक्षीबरोबर त्याचं हिवाळ्यापासून चाललं होतं. ज्योतीशी लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं. तो उठून थेट स्वयंपाकघरात आईकडे गेला. लहानपणी कुणाची काच फुटली की यायचा, तसाच.

"तू सांग तिला, आई. तुझं ऐकते ती. एवढी चूक पदरात घे म्हणावं."

वच्छलाबाई उद्याच्या आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, सांजोऱ्या तळत होत्या. बाहेर ओट्यावर त्यांचा धाकटा भाऊ झुलाल बसला होता. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, म्हणून तो दर वर्षी चोपड्याहून बहिणीला न्यायला यायचा, चहा प्यायचा आणि एकटाच परत जायचा. नवल लहान असताना एकदा वच्छलाबाई आखाजीला माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा नवलच्या वडिलांचं, आबांचं, नशिराबादच्या बाईशी जुळलेलं गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी घर म्हणून सोडलं नाही. इथं पिंप्राळ्यात आजही बायका म्हणतात, वच्छलाबाईनं घर राखलं.

"ज्योतीत काय कमी होतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

ज्योतीवर नवलचा जीव होता, अगदी आत्ताही होता. साक्षी हसून बोलली की आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटायचं, एवढंच. आणि भीती अशी कधी वाटलीच नाही. भ्यावं असं या घरात त्यानं पाहिलं तरी काय होतं? आबा नशिराबादहून यायचे, तेव्हा ताट वाढलेलं असायचं आणि भाकरी गरम असायची. आईच्या नजरेनं तो कोंडीत सापडला आणि बोलून गेला.

"आबांनीही केलंच ना? तू कुठं गेलीस?"

वच्छलाबाईंनी कढईतली सांजोरी काढली, गॅस बंद केला, हात धुतले. चेहऱ्यावर राग नव्हता. नवलला हायसं वाटलं. आता आई सांभाळून घेईल, तिनं आजवर सगळंच सांभाळून घेतलं होतं. तो पडद्याआड उभा राहिला.

त्या ज्योतीशेजारी जाऊन बसल्या.

"काकू," ज्योती म्हणाली, "आबांचं मला ठाऊक आहे. तुम्ही कसं हो सोसलं?"

"वाटायचं, मी राहिले तर पोरगं नीट वाढेल." वच्छलाबाईंनी पेला तिच्याकडे सरकवला. "पाणी पी, पोरी. आणि माझ्याकडे बघून थांबू नको."

ज्योती पाणी प्यायली. तिचे डोळे भरून आले, पण ती उठली आणि तिनं पर्स खांद्याला लावली. वच्छलाबाई आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत कोंबलेल्या साड्या.

ओट्यावर झुलालनं चपला घातल्या होत्या.

"भाऊ, थांब. औंदा मी येस."

यंदा बहीण येते म्हणाली, हे झुलालला क्षणभर खरंच वाटेना. मग रिक्षा आणायला पळाला.

नवल दारात आला. ज्योती फाटकापाशी पोचली होती, आई पायऱ्या उतरत होती. आधी कुणाला हाक मारावी हेच त्याला सुचेना.

"आई! अगं, कुठं चाललीस?"

वच्छलाबाईंनी मागं वळून पाहिलं.

"मघाशी 'तू कुठं गेलीस' विचारलंस, तेव्हा सांगता आलं नाही," त्या म्हणाल्या. "आबा आले की तेही विचारतील. सांग, माहेरी गेली."