परक्या बोटीला निरोप

पनवेलच्या बंदरातून गलबत निघालं की बाया पदर हलवत. त्याच सवयीनं, राणीची बाग बघून मुंबईच्या धक्क्यावर आलेल्या मालूनं सुटणाऱ्या परक्या बोटीलाही पदर हलवला.

"कोनाला गो निरोप देतेस? तुजा मामा हाय काय बोटीवर?" तिचा नवरा काशीराम हसला.

बोटीवरून एका बाईनं तसाच पदर हलवला. लुगडं मालूचंच होतं. चेहराही.

मालूनं घाबरून खांद्यावर निजलेली लेक चाचपली. गोदू होती.

संध्याकाळी एसटीनं पनवेलला उतरल्यावर गोदू जागी झाली. मालूनं तिला छातीशी धरलं. पोरीनं तिचं तोंड नीट निरखलं आणि बापाकडे झेप घेतली.

"बाबा, आई बोटीवरच रायली."