खांद्यावरची थाप

जुन्या छत्रीधारी सैनिकांच्या वार्षिक जेवणात शिळ्या कढीला ऊत आला होता. “उंट्या मुळातच वेंधळा. विमानातल्या तारेला हूक अडकवायलाच विसरला, मग छत्री उघडणार कशी?” कॅप्टन हळहळले. उंट्याची विधवा, सगळ्यांची वहिनी, समोरच जेवायला बसली होती. त्याच तुकडीतल्या, आता व्हीलचेअरमध्ये असलेल्या पैलवानाने ताट बाजूला सारलं. उडीआधी पुढच्याचा हूक ओढून बघायचा, मगच खांद्यावर थाप द्यायची, हा प्रशिक्षणातला नेम. त्या दिवशी उंट्याच्या मागे पैलवानच होता आणि त्याने न ओढताच थाप दिली होती. चाळीस वर्षं तो मूग गिळून बसला होता. निघताना तो कसाबसा म्हणाला, “वहिनी, काहीतरी सांगायचंय.” “थांबा, भावजी.” तिने खुर्चीचा पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला आणि खांद्यावर थाप दिली. “हे म्हणायचे, न ओढता थाप द्यायची नाही. बोला, काय सांगायचं होतं?”