घटाची माती

घटस्थापनेच्या सकाळी केवळाबाई परडीत वावरातली माती घेऊन निघाली, तसं बांधावरचं फाटक किंचाळलं.

"मावशी, माती बाहेर नेता येत नाही," राखणीवरचा अंबादास म्हणाला. "तिच्यातले जंतू कंपनीने सोडलेत, ते जाताना दिसले की फाटक ओरडतं. त्यांच्याशिवाय आता काही उगवत नाही."

"अन् वावर कुणाचं?"

"वावर तुमचंच. माती तेवढी कंपनीची."

"मग देवीचा घट बसवायला कंपनीच्या पाया पडू का?" तिने परडी तिथेच उपडी केली. पाय धुतले तरी फाटक ओरडतच राहिलं. शेवटी अंबादासने तिला टाचांच्या भेगांतली मातीसुद्धा ब्रशने घासून काढायला लावली.

तणतणत ती घरी आली आणि कुदळ घेऊन तिने दारापुढचा ओटाच फोडला. चाळीस वर्षांपूर्वी सासऱ्याने याच वावरातली माती भरून तो बांधला होता. त्या मातीत तिने घट बसवला.

दसऱ्याला तो घट घेऊन ती वावरात पाय न ठेवता, फाटकाच्या फरशीवरूनच तीनदा आत-बाहेर गेली. फाटकाने हूं की चूं केलं नाही. मग वीतभर वाढलेला गहू तिने अंबादासच्या नाकासमोर धरला.

"तुझी कंपनी यायच्या आधीची माती आहे ही. डोळे फाडून बघ, उगवलंय का नाही!"