वळसा

बायकोला धाप लागली, तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनसाठी त्याने अख्खं शहर पालथं घातलं. मशीन घरी पोचलं, पण तोवर ती गेली होती. ही वणवण दुसऱ्या कुणाच्या नशिबी नको, म्हणून तो आता परिसरातल्या आरोग्यसेवांची वेबसाइट बनवत होता. स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय एकही नाव चढवायचं नाही, हा त्याचा हट्ट.

आज फोन लागला तो एका निवृत्त नर्सबाईंना. त्या घरची दोन मशीनं गरजूंना फुकट वापरायला देत.

"पत्ता सांगता का?"

"पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत, खाली शिंप्याचं दुकान. थांबा, गॅलरीत येते, आत आवाज तुटतोय."

तो फोन कानाला तसाच धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. समोरच्या गॅलरीत त्या बाई आल्या. कपडे वाळत घालताना बायको रोज यांच्याशीच खाणाखुणांनी गप्पा मारायची, एकमेकींचं नावही ठाऊक नसताना.

बाईंनीही त्याला पाहिलं आणि हसून हात हलवला.

"अगं बाई, तुम्ही होय. आमची मैत्रीण दिसत नाही हल्ली, गावाला गेलीय का?"